‘फीचे हप्ते’ म्हणाले, निघालं दाजींच्या नावावरचं कर्ज

ऑनलाइन ‘पीजी सर्टिफिकेट प्रोग्रॅम’ला पैसे भरायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. प्रकरण माझ्या भाचीचं आहे. मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करतो म्हणून कागद माझ्याकडे आले, नाहीतर दाजी आजही पोरीची फी भरतोय याच समजात राहिले असते.

भाची बीकॉम झालेली. डेटा अ‍ॅनालिटिक्सची जाहिरात दिसली, तिनं नंबर टाकला आणि तासाभरात ‘अ‍ॅकॅडमिक कौन्सेलर’चा फोन आला. पाच कोर्स ओळीनं करायचे, प्रत्येकाचं वेगळं सर्टिफिकेट. पाचही झाले की एका विद्यापीठाचं पीजी सर्टिफिकेट, आणि त्याचे क्रेडिट (म्हणजे झालेल्या अभ्यासाचे श्रेयांक) पुढे एमबीएला धरले जाणार. वर ‘यूजीसी अप्रूव्हड’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असल्याचा शिक्का. फी 1,60,000 रुपये. मग एक ऑनलाइन चाचणी झाली, पोरासोरांना जमेल अशी, आणि लगेच 40 टक्के स्कॉलरशिप लागली. राहिले 96,000, तेही महिना 4,000 प्रमाणे बिनव्याजी. पण आज रात्री बारापर्यंतच, कारण दोनच सीट शिल्लक. (रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंच्या वर्गात सीट कशा संपतात, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.)

भाचीला पगार नाही, म्हणून ‘केवायसीसाठी’ वडिलांचं पॅन आणि आधार मागवलं. दाजी एसटीत कंडक्टर. कौन्सेलरचा फोन आला तेव्हा गाडी स्टँडवर लागत होती आणि ते हिशोब जुळवत होते. “सर, फक्त ओटीपी सांगा, मॅमच्या फीचे हप्ते सेट होतायत.” दाजींनी विचारलंसुद्धा, “हे कर्जबिर्ज नाही ना?” “नाही हो सर, ही आमची फी भरायची सोय आहे.” एक ओटीपी आधारवरून कर्जाच्या करारावर ई-सही करण्याचा होता, दुसरा दरमहा खात्यातून रक्कम कापण्याच्या मँडेटचा. संध्याकाळी दाजींच्या मोबाइलवर मेसेज आला, कर्ज वितरित झालं म्हणून. भाचीनं तो मला पाठवला : “मामा, हे लोन का म्हणतंय?”

‘नो कॉस्ट ईएमआय’ची, म्हणजे या बिनव्याजी हप्त्यांची, मेख अशी असते. फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, व्याजाचा वाटा आधीच कापून उरलेली रक्कम एकदम कोर्सवाल्यांच्या खात्यात टाकते. कोर्सवाले मोकळे. त्यांनी शिकवलं काय नि न शिकवलं काय, हप्ता दाजींच्या खात्यातूनच जाणार आणि चुकला तर सिबिलही (कर्जफेडीची नोंद) दाजींचंच बिघडणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय रद्द करता येतं. दाजींच्या पत्रातही ती मुदत छापलेली होती. पण त्यासाठी मुद्दल परत करावं लागतं, आणि ते तर दाजींनी पाहिलंही नव्हतं. कंडक्टरनं दोन-तीन दिवसांत एवढी रक्कम उभी कुठून करायची?

मग सर्टिफिकेटकडे वळलो. नमुन्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह ठळक, सही मात्र कंपनीच्या माणसाची. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘केवळ कौशल्यविकासासाठी, ही शैक्षणिक पात्रता नव्हे’. क्यूआर कोड स्कॅन केला तर कंपनीचीच वेबसाइट उघडली. विद्यापीठ खरं होतं, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्याचं नाव होतं, पण हा प्रोग्रॅम नव्हता. कुलसचिव कार्यालयाला ईमेल केला. उत्तर आलं की कंपनीशी त्यांचा करार एका कार्यशाळेपुरता होता. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत अशी फ्रँचायझी, म्हणजे विद्यापीठाच्या नावावर दुसऱ्यानं अभ्यासक्रम चालवणं, चालत नाही, हे यूजीसीनं जानेवारी 2022 मध्येच बजावलं होतं.

सगळ्यात मोठी खूण क्रेडिटमध्ये होती. विद्यापीठानं दिलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा व्हायला हवेत, आणि त्यासाठी त्या खात्याचा क्रमांक, म्हणजे एबीसी आयडी, लागतो. या लोकांनी पॅन मागितलं, आधार मागितलं, बँकेचा मँडेट घेतला. एबीसी आयडीबद्दल चकार शब्द नाही.

असे कोर्सचे संच सरळ मार्गानं करता येतात, म्हणून तर जास्त राग येतो. आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या वेबसाइटवर व्हिडिओ फुकट आहेत. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी, कोर्समागे साधारण हजार रुपये. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, 75 टक्के गुण तिचे आणि 25 टक्के असाइनमेंटचे. एका शाखेतले ठरावीक कोर्स पूर्ण केले की डोमेन सर्टिफिकेट वेगळं मिळतं. परदेशात एमआयटीनं 2015 मध्ये पुरवठा साखळीच्या विषयात ‘मायक्रोमास्टर्स’ सुरू केलं, तेही अशाच कोर्सच्या साखळीवर. तिथं क्रेडिट पुढच्या पदवीला धरतात, पण आधी त्या पदवीला प्रवेश मिळावा लागतो, आणि प्रवेशाची हमी कुणी देत नाही.

पैसे परत मागितल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. रिफंड सात दिवसांत मिळतो असं लिहिलेलं, पण ‘पोर्टलला लॉगिन केलं की कोर्स सुरू झाला’ हे कलम चौदाव्या पानावर. लॉगिन तर कौन्सेलरनंच फोनवर करून घेतलं होतं! फायनान्स कंपनी म्हणे, तुमचं भांडण कोर्सवाल्यांशी, आमचा हप्ता थांबणार नाही. दाजी मँडेट बंद करायला निघाले होते, मी अडवलं. वाद चालू असताना हप्ता तुटला की थकबाकीदार तुम्ही ठरता, कोर्सवाले नाही.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कोर्सवाल्यांची तक्रार टाकली आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलं. तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन गेलो. गाडी हलली ती एका गोष्टीनं : दाजींच्या मोबाइलवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. ‘कर्जबिर्ज नाही ना’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं तक्रारीला जोडलं. फायनान्स कंपनीनं कोर्सवाल्यांकडून रक्कम परत घेतली, कर्ज बंद केलं, तोवर गेलेले हप्तेही परत दिले. ना-हरकत पत्र आम्ही शाईच्या सहीचं मागून घेतलं, आणि पुढच्या सिबिल अहवालात खातं ‘बंद’ दिसतंय का तेही पाहिलं. पहिल्यांदा ‘चालू’च दिसलं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागला. ‘नोंदणी शुल्क’ म्हणून कापलेले 5,000 रुपये कोर्सवाल्यांनी अजून दिलेले नाहीत. तेवढ्यासाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय.