अभ्यासिकेच्या भिंतीसाठी: तयार तक्ता, पेंटरचं चित्र की जुना फोटो?

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची अभ्यासिका रंगवून झाली तेव्हा एक भिंत थोरांच्या तसबिरींसाठी मोकळी ठेवली होती. आता शेजारच्या पेठेतली मंडळी तशीच भिंत सजवताहेत आणि विचारताहेत, काय लावावं? बाजारातले तक्ते, पेंटरकडून काढून घेतलेली चित्रं आणि जुन्या फोटोंच्या मोठ्या प्रिंट, तिन्ही आम्ही लावून पाहिलं आहे.

तक्ता स्वस्त. सकाळी आणला की संध्याकाळी भिंतीवर. लहान मुलांना चेहरे ओळखायला तेवढा पुरतो. त्यावर शिवराय, जोतीराव, सावित्रीबाई, बाबासाहेब असतात, पण आम्ही आणलेल्या एकाही तक्त्यावर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा नव्हते. १२ जानेवारीला हे फार टोचतं. जिजाऊ आणि विवेकानंद या दोघांची त्या दिवशी जयंती, दोघांच्या तसबिरींना हार पडतात. आणि १९३१ साली त्याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिली गेली. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लादला होता, त्या दिवसांतले हे चौघे. सोलापुरातल्याच अभ्यासिकेत त्यांच्यासाठी जागा नसावी, हे मला बघवत नाही.

पेंटरच्या चित्राला वेळ लागतो आणि खर्चही सगळ्यांत जास्त. हात चांगला असेल तर तसबिरीसमोर माणूस थांबतो, हे मी रोज बघतो. पण चेहरा कशावरून काढला, हे आधी विचारा. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले. त्यांना पाहून काढलेलं चित्र आपल्यापाशी नाही. अहिल्यादेवी १७९५ साली गेल्या, तेव्हा फोटोच नव्हते. हातात शिवपिंडी घेतलेली त्यांची प्रतिमा आपण घरोघरी पाहतो, ती श्रद्धेने लावावी. फक्त खाली बारीक अक्षरांत ‘चित्रकाराच्या कल्पनेतून’ असं लिहावं. त्याने मान कमी होत नाही.

ज्यांचा फोटो आहे, त्यांच्यासाठी मी फोटोच निवडेन, आणि तोही काळा-पांढरा. हल्ली मोबाइलवर जुने फोटो रंगवून मिळतात. त्यात कोटाचा रंग, कातडीचा रंग सगळा अंदाज असतो आणि मुलं तोच खरा धरून चालतात. छोटा, धूसर फोटो ताणून मोठा केला तर चेहऱ्याचे नुसते ठिपके उरतात. अशा वेळी मापच लहान ठेवा. डॉ. कोटणीसांचा फोटो घेताना तो त्यांचाच आहे ना, हे नीट तपासा. त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट आला होता, त्यातला नटाचा चेहरा चुकून भिंतीवर जायला नको. आणि आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पश्चिमेचं ऊन येणारी भिंत कुठल्याच तसबिरीसाठी घेऊ नका.

खरा फरक मात्र खालच्या मजकुराने पडतो. तक्त्यांवर ‘थोर देशभक्त, महान समाजसेवक’ असं छापलेलं असतं. ते कोणाच्याही खाली चालेल, म्हणून कोणाचंच नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले. लग्नही तिथेच, गुओ छिंगलान यांच्याशी. मुलाचं नाव यिन्हुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४२ साली, वयाच्या ३२व्या वर्षी निधन.’ आमच्याकडची मुलं यिन्हुआ हे नाव पाठ म्हणतात. वालचंद हिराचंद यांच्याखाली सगळे कारखाने मोजत बसू नका. समुद्र कोसभरही जवळ नसलेल्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या माणसाच्या कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून विलायतेला निघालं आणि आज तोच राष्ट्रीय सागरी दिन आहे, एवढंच लिहा.

मजकूर पन्नास-साठ शब्दांच्या पुढे नेऊ नका. उभ्याने त्याहून जास्त कोणी वाचत नाही. आमच्या पेठेत घरी तेलुगू बोलणारी मुलं पुष्कळ आहेत, म्हणून नाव तेलुगूतही लिहिलं. तुमच्याकडे कन्नड किंवा उर्दू लागेल.

म्हणजे पैसे कमी असतील तर तक्ता सोडा, चारच फोटो लावा. पेंटर फक्त अहिल्यादेवी आणि सिद्धरामेश्वरांसाठी सांगा. हुतात्म्यांच्या चारही चौकटी एकाच मापाच्या करा आणि एका ओळीत, दहा वर्षांच्या मुलाच्या नजरेइतक्या उंचीवर लावा. सुताराला नोव्हेंबरातच सांगून ठेवा. संक्रांतीची सिद्धरामेश्वरांची जत्रा, म्हणजे गड्ड्याची यात्रा, तोंडावर आली की वेळेवर काम मिळत नाही, आणि १२ जानेवारी त्याच आठवड्यात असते.