ब्रेकफास्ट स्टाउट की मिल्क स्टाउट? पहिली बाटली निवडताना

नोव्हेंबर लागला, की अमेरिकेतल्या दुकानांत काळ्या बिअरच्या, म्हणजे स्टाउटच्या, बाटल्या पुढे येतात आणि आजवर फक्त नेहमीची फिकट लागर बिअर प्यायलेला एखादा मित्र विचारतो, ‘स्टाउट घ्यायची आहे, कोणती घेऊ?’ मी दोनच नावं सांगतो. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या फाउंडर्सची ब्रेकफास्ट स्टाउट, नाहीतर कोलोरॅडोतल्या लाँगमाँटच्या लेफ्ट हँडची मिल्क स्टाउट नायट्रो. रंग दोन्हींचा काळा. चवीचा स्वभाव मात्र अगदी वेगळा.

काळा रंग आणि भाजका वास येतो बार्लीतून. बार्ली चांगली काळपट होईस्तोवर भाजली, की काहीही न मिसळताच कॉफीची आठवण करून देणारा कडवटपणा उतरतो. वरून घातलेल्या जिन्नसाने तो खुलतो की झाकला जातो, हे मी पहिल्या घोटात शोधतो.

ब्रेकफास्ट स्टाउटमध्ये सुमात्रा आणि कोना या दोन कॉफ्या, चॉकलेट आणि ओट्स आहेत. ग्लास नाकाजवळ नेला, की ताज्या दळलेल्या कॉफीचा दर्प आधी येतो. जिभेवर कडू चॉकलेट, मग करपत आलेल्या भाकरीसारखा भाजकेपणा, आणि घोट गिळल्यावरही घशाशी रेंगाळणारी कॉफी. ओट्समुळे ती दाट लागते; नुसत्या कॉफीवर ही बिअर पाणचट आणि टोचरी झाली असती. बाटली घेताना तारीख जरूर बघा. कॉफीचा सुवास काही महिन्यांत उतरतो आणि जुन्या कॉफी स्टाउटला कधीकधी चक्क ढोबळी मिरचीसारखा वास येतो. ताजी मिळाली तर हिच्या तोडीची कॉफी स्टाउट मी तरी प्यायलेलो नाही.

पण ती ८.३ टक्क्यांची आहे. ३५५ मिलीच्या एका बाटलीत साधारण २९ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. ६ टक्क्यांच्या मिल्क स्टाउटमध्ये २१ मिली. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे सुमारे १८ मिली धरतात, तेव्हा ब्रेकफास्ट स्टाउटची एक बाटली दीड ड्रिंकच्याही वर जाते. गाडी चालवायची असेल, तर दोन्ही नकोत.

मिल्क स्टाउटमध्ये दूध नसतं, दुधातली साखर असते, लॅक्टोज. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा आणि दाटपणा शिल्लक राहतो. दूध सोसत नसेल किंवा व्हीगन असाल, तर निर्णय इथेच झाला. नायट्रोची गंमत वेगळी. नायट्रोजन बिअरमध्ये फार कमी विरघळतो, त्याचे बुडबुडे अगदी बारीक होतात आणि फेस सायीसारखा जमतो. ही बाटली हळूच तिरकी धरून ओतू नका. थेट उलटी करा, जोरात ओता. नाहीतर साय जमत नाही आणि बिअर मरगळलेली लागते. चव दूध घातलेल्या गोडसर कॉफीची. कडवटपणा बेताचा, वास मात्र दबलेला, आणि हीच तिची उणी बाजू.

‘क्राफ्ट’पणाचा, म्हणजे बिअर लहान, स्वतंत्र ब्रुअरीचीच हवी असा आग्रह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट: २०१९मध्ये फाउंडर्सचा ९० टक्के वाटा स्पेनच्या माहू सान मिगेल या बिअर कंपनीकडे गेला. ब्रुअर्स असोसिएशन या अमेरिकी ब्रुअरींच्या संघटनेच्या व्याख्येत ती आता ‘क्राफ्ट’ बसत नाही. चवीच्या पारड्यात मी हे टाकत नाही, पण लहान ब्रुअरीला पैसे जावेत असं वाटत असेल तर लेफ्ट हँड घ्या.

जेवणासोबत प्यायची असेल तरी माझं मत मिल्क स्टाउटला. काळ्या मसाल्याच्या मटणाचा जाळ तिचा गोडवा छान शमवतो. ब्रेकफास्ट स्टाउटचा कडूपणा तिखटाशी भांडतो; ती जेवणानंतर, शेंगदाण्याच्या चिक्कीबरोबर घ्यावी. गूळ आणि कॉफी एकमेकांना धरून राहतात.

थोडक्यात सांगायचं तर कोरी कॉफी आवडत असेल तर फाउंडर्स, चहात साखर लागत असेल तर लेफ्ट हँड. दोघांची बाटली फ्रिजमधून वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा. बर्फगार स्टाउटला वासच राहत नाही; दहा-बारा अंश सेल्सिअसला आली, की चॉकलेट वर येतं.