नॅरोबोटच्या टपावर काय ठेवावं: फळ्यांचा रॅक, बंद पेटी की सोलर?

इंग्लंडच्या कालव्यांवर बोट घेतली की पहिल्याच महिन्यात घरात वाद सुरू होतो: हे सगळं ठेवायचं कुठे? नॅरोबोट म्हणजे या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट. तिची रुंदी साधारण 6 फूट 10 इंच, कारण जुनी लॉक, म्हणजे बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद, जेमतेम 7 फुटांची. आत पलंग, शेगडी, स्टोव्ह आणि संडास बसवला की कोळशाच्या गोण्या आणि सायकलींना जागाच उरत नाही. मग नजर वर जाते. टप लांबलचक, सपाट, रिकामा. एसटीच्या टपावर गोण्या आणि करंड्या चढताना पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ती जागा वाया चाललेली बघवत नाही.

फरक एवढाच की एसटीचा ड्रायव्हर पुढे बसतो आणि बोट हाकणारा मागे, टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून उभा असतो. त्याला समोरचं सगळं टपावरूनच बघावं लागतं. त्यामुळे जाहिरातीत पेटी किती लिटरची हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं, तरी तुम्ही आधी तिची उंची विचारा.

मी पेटी आणि रॅक दोन्ही वापरून पाहिलंय. आधी बंद पेटी घेतली, गाडीच्या टपावर लावतात तशी. कुलूप लागतं, पावसात गाद्या-उशा कोरड्या राहतात, शहरात बोट बांधून बाजारात गेलं तरी जीव टांगणीला लागत नाही. हे फायदे खरे आहेत. पण वळणावर समोरून बोट आली की तिचं नाक पेटीआडून अचानक निघायचं. शिवाय मधला दोर. हा टपाच्या मध्यावर बांधलेला असतो आणि मागे टिलरपर्यंत आणून ठेवतात. लॉकपाशी तो हातात घेऊन काठावर उतरायचं आणि बोट रोखायची. आमचा दोर दर वेळी पेटीच्या कोपऱ्यात अडकायचा. बोट पुढे चाललेली, मी काठावर, दोर अडकलेला, बायको मागून ओरडतेय, "अहो, सोडा तो!" दोन उन्हाळ्यांत पेटी विकली. तुम्ही बारा महिने बोटीवरच राहणार असाल तर मात्र घ्या. बुटकीच घ्या, आणि दोराच्या वाटेत येणार नाही अशी, म्हणजे मध्याच्या पुढे बसवा. गॅसचा सिलिंडर किंवा पेट्रोलचा कॅन त्यात कधीच ठेवायचा नाही.

आता आमच्याकडे फळ्यांचा रॅक आहे. वीतभर उंच, वरून ताडपत्री आणि रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, दोन पट्टे. बांबू, आकडीची काठी आणि काठावर उतरायची फळी या तीन गोष्टी टपावर लागतातच. त्या त्यातच बसतात, बाजूला कोळशाच्या गोण्या. चोरीची भीती राहते, म्हणून सायकली शहरात साखळीने बांधतो. झुडपांच्या फांद्या कालव्यावर इतक्या खाली येतात की पट्टा सैल असेल तर ताडपत्री ओरबाडून नेतात. तरी समोरचं दिसतं, हे माझ्या लेखी सगळ्यात मोठं.

रॅक करून घेताना एक गोष्ट सुताराला बजावून सांगा: टपाला टेकणाऱ्या पट्ट्या आडव्या हव्यात, बोटीच्या लांबीला समांतर नकोत. टपाला दोन्ही बाजूंना उतार असतो. उभ्या पट्टीमागे पाणी तुंबतं, रंगाला फोड येतात आणि गंज थेट पत्र्यात शिरतो. टपाचा पत्रा बहुधा 4 मिलिमीटरचा असतो. ओली गोणी नुसती टपावर टाकली तरी हेच होतं.

आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटा. आम्ही एकदा 20 किलोच्या आठ गोण्या एकाच बाजूला रचल्या. बोट काही उलटत नाही, पण आत अंघोळीचं पाणी पंपाकडे जाईना, कोपऱ्यातच साचून राहिलं.

सोलरचं गणित वेगळं. कायमची जागा नसलेल्या बोटीला कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेच्या नियमाने एका ठिकाणी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. किनाऱ्यावरची वीज मिळत नाही, तेव्हा टपावरची पहिली जागा पॅनलची. पॅनलच्या कोपऱ्यावर सायकलच्या हँडलची सावली पडली तरी वीज बरीच घटते. म्हणून पॅनल आणि रॅक दोन्ही हवे असतील तर मध्ये चांगलं अंतर सोडा. मरिनात, म्हणजे बोटींच्या कायमच्या तळावर, प्लग लावून राहणाऱ्याने पॅनलची घाई करू नये.

ताडपत्रीच्या मऊ पिशव्या स्वस्त मिळतात. सुट्टीत आठवडाभर बोट भाड्याने घेतलीत तर चालतील, एरवी नाही.

कुठे जाणार हेही बघा. स्टॅफर्डशरमधला 1827 सालचा हेअरकॅसल बोगदा आत शिरल्यावर बुटका होत जातो, आणि फ्रॉगहॉलच्या बोगद्यात तर बऱ्याच बोटी टप रिकामा असूनही मावत नाहीत. आमची टपावरची तुळस अशाच एका पुलाने कुंडीसकट पाण्यात ढकलली.

पेटी घ्यायचीच असं ठरलं असेल तर पैसे देण्याआधी तेवढ्याच मापाचा पुठ्ठ्याचा खोका टपावर बांधा आणि एक दिवस बोट चालवा. दोन लॉक, एक बोगदा, एक आंधळं वळण. संध्याकाळपर्यंत तुम्हीच खोका सोडवाल किंवा पेटीची ऑर्डर द्याल.