माईच्या पातेल्यांची कल्हई : वाईतल्या बिनपाटीच्या दुकानाचा अनुभव

वर्षश्राद्धाचा स्वयंपाक माईच्याच पितळी भांड्यांत करायचा असं आत्याने ठरवलं आणि माळ्यावर चढायचं काम माझ्याकडे आलं. माई म्हणजे माझी आजी. १९४६ साली लग्न होऊन वाईत आली ती ९४ वर्षांची होऊन गेली. आळीत कुणाकडे कार्य निघालं की पातेली माईकडून जायची आणि परत येताना घासूनपुसून, तळाशी दोन लाडू घालून यायची. आता मात्र आतली कल्हई पार उडाली होती. तशा भांड्यात आमसुलाची आमटी कळकणार, हे मलाही ठाऊक होतं.

पूर्वी कल्हईवाला दारात यायचा, तिथेच खड्डा करून भाता लावायचा. शेवटचं भांडं पाण्यात बुडेपर्यंत माई पाट टाकून समोर बसायची. त्याआधी कथलाची कांडी तिच्या कानाशी धरून वाकवायची, हा तिचा नियम. चोख कथील वाकताना कुरकुरतं, शिसं मिसळलेलं गप्प बसतं. एकदा कांडी गप्प बसली तेव्हा तिने त्याला पेटलेली भट्टी विझवायला लावली होती.

आता दारात कुणी येत नाही. मंडईमागच्या गल्लीत एक दुकान आहे, असं दूधवाल्याने सांगितलं. पाटी नाही, बाहेर टांगलेल्या काळ्या परातीवरून ओळखायचं. मालक साठीचे. मी जरा बिचकतच कांडी वाकवून दाखवायला सांगितली. ते हसले, म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" आणि माझ्या कानाशी धरून वाकवली. बारीक, वाळलं गवत मोडल्यासारखा आवाज. माई खरंच ऐकत होती तर! मला लहानपणी तो तिचा दरारा वाटायचा.

काम बघत बसण्यासारखं आहे. पातेलं भट्टीवर तापलं की नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने एका हिसक्यात आतून फिरवतात. डोळ्यांदेखत पिवळ्याचं चांदीसारखं होतं. लगेच पाण्यात, चर्रर्र. कुठे थेंब साठलेला नाही की कडेला जागा सुटलेली नाही. मोठ्या पातेल्याचे ४५०, लहानाचे २५०. माझी दोन मोठी, दोन लहान होती. घंगाळही नेलं होतं, पण त्याला कल्हई लागत नाही म्हणून त्यांनीच परत केलं. हा प्रामाणिकपणा आवडला.

एका पातेल्याला मोठा पोचा आहे. फुकट काढून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, ते फळीवरून पडलं. त्याच आवाजाने जाग आली, असं माई सांगायची आणि तान्ह्या आत्याला उचलून ती अंगणात पळाली. त्या पातेल्याला आमच्या घरात कुणी हातोडी लावू देणार नाही.

आता तक्रार. कल्हई आतून असते, बाहेरून चकाकी देण्यासाठी मशीनचं चाक लावतात. ते नको, असं मी मालकांना सांगितलं होतं, हाताखालच्या पोराला नव्हतं. मी चहाला गेले तेवढ्यात त्याने लग्नातलं पातेलं चाकावर धरलं. काठावर टिंबाटिंबांनी माईचं माहेरचं नाव, "हिस मामाकडून" आणि शके १८६८ असं घातलेलं होतं. मामा राहिला, शक राहिला, नाव गेलं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे ते दुसऱ्या कुठल्याच भांड्यावर नाही.

मालक पोरावर ओरडले, त्या पातेल्याचे पैसे घेतले नाहीत. चौदाशेच्या जागी साडेनऊशेच झाले. नाव पुन्हा घालून देतो म्हणाले. मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, आधी घरी आण. घरी तिने काठ उन्हात तिरपा धरला, बराच वेळ बोट फिरवलं. पहिलं अक्षर आणि शेवटची वेलांटी अजून लागतेय म्हणाली, आणि आमसुलं भिजत घातली.

आमटी मुळीच कळकली नाही. कामाला पाचपैकी पाच, निगराणीला तीन. पुढच्या वर्षी लहान तपेल्या घेऊन पुन्हा तिथेच जाणार आहे. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं, मोठी भांडी दुसऱ्या दिवशी मिळतात. नाव घातलेलं भांडं नेणार असाल तर काठाला फडकं बांधून न्या आणि पोरालाही सांगा.