स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कामावर कधी जायचं: उपचार चालू असताना की सगळं आटोपल्यावर?

ऑपरेशन झालं, ड्रेनची नळी निघाली, टाके सुकले की घरात पहिला प्रश्न निघतो तो कामाचा. चार-सहा आठवड्यांत हजर व्हायचं आणि केमो, रेडिएशन काम सांभाळत घ्यायचं, ही एक वाट. सगळे उपचार आटोपेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा सहा-आठ महिने, थांबायचं, ही दुसरी. निपाणीत विड्या वळणारी माझी जाऊ पहिल्या वाटेनं गेली. खानापूर तालुक्यात शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण दुसऱ्या वाटेनं. कुणाचं बरोबर हे सांगायला मी बसलेली नाही, पण दोघींना जवळून पाहिल्यावर एक पक्कं कळलं: काम की आराम अशी ही निवड बहुतेक घरांत नसतेच. घरी थांबलेल्या बाईच्या वाट्याला कणीक, धुणं, पाण्याची घागर आणि भेटायला येणाऱ्यांचा चहा येतोच.

म्हणून तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना काखेबद्दल विचारा. स्तन पूर्ण काढला की फक्त गाठ, याची चौकशी सगळे करतात. हात कधी कामाला येणार हे मात्र काखेतल्या किती ग्रंथी काढल्या त्यावर जास्त ठरतं. तपासणीपुरत्या दोन-चारच काढल्या असतील, त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात, तर पुढे हाताला सूज येण्याचं प्रमाण शंभरात पाच-सहा बायकांत आढळतं. काख पूर्ण साफ केली असेल तर शंभरात साधारण वीस. डिस्चार्ज कार्डावर ‘एमआरएम’ (मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टॉमी) लिहिलं असेल तर पूर्ण स्तनाबरोबर काखही साफ केलेली असते. हा एक कागद ‘आता बरं वाटतंय ना?’ या प्रश्नापेक्षा जास्त सांगतो.

उपचार चालू असताना काम करायचं तर केमोचं वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवावं लागतं. तीन आठवड्यांची फेरी असेल तर पहिले चार-पाच दिवस मळमळ आणि गळून गेल्यासारखं वाटणं. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली असतात, तेव्हा गर्दी टाळायची. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर गोळी घेऊन वाट न बघता थेट दवाखाना, रात्र असली तरी. राहतो तो तिसरा आठवडा. जाऊ त्याच आठवड्यात सूप मांडीवर घ्यायची आणि नेहमीच्या निम्म्याच विड्या वळायची. हजारामागे मजुरी असल्यानं रजा म्हणजे सरळ पैसे बुडणं. तिला दुसरा मार्ग नव्हता. पुढे पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध सुरू झालं आणि बोटांची टोकं बधिर झाली. पान वळताना हाताला अंदाज असायचा, पण दोरा बांधताना तो आवळलाय की नाही हेच तिला कळेना. छाट, म्हणजे नापास होणाऱ्या विड्या, वाढली, तिचे पैसे कापले गेले. कात्रीचा काप लागला तरी रक्त दिसेपर्यंत पत्ता नसायचा, आणि काख साफ झालेल्या हाताला साधी जखमही चिघळून सूज आणू शकते. माझं स्पष्ट मत आहे की बोटं बधिर झाल्यावर कात्रीचं काम थांबवावं. उसाचं पान, भातलावणीचा चिखल, मागावरचं काम, सगळ्यांना हेच लागू.

मैत्रिणीचं उलट झालं. वैद्यकीय रजा मिळाली, पगार चालू राहिला, आणि केमोच्या दिवसांत तापल्या-खोकल्या मुलांपासून लांब राहता आलं हे फार चांगलं झालं. पण ‘त्या हातानं काही उचलू नको’ असं ज्यानं त्यानं सांगितल्यामुळे तिनं हातच हलवला नाही. परत रुजू झाली तेव्हा फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत खडू पोचेना. हात आयुष्यभर जपून ठेवायचा हा सल्ला आता जुना झाला. डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वजन हळूहळू वाढवलं तर सूज वाढत नाही, हे 2009 सालीच एका चाचणीत दिसलंय. मूठ उघडझाप ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून, खांद्याच्या वर हात नेणं ड्रेन निघाल्यावर. स्वतःच्या हातानं अंबाडा घालता येतो का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हे रोज पाहावं. बांगड्या किंवा ब्लाउजची बाही एकाच बाजूला घट्ट व्हायला लागली तर थांबू नये, लगेच दाखवावं.

पैशांचं गणित दोन्ही वाटांवर वेगळं. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के पगार मिळतो. कॅन्सरसाठी, नोकरीची दोन वर्षं आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर, पुढे 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हे कळायच्या आधीच राजीनामा देऊ नका. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांचं लागतं, म्हणून ऑपरेशन मिरज-कोल्हापूरला झालं असेल तर तिकडचे कागद घेऊन लवकर त्यांना भेटा. विडी कामगाराचं ओळखपत्र असलेल्यांनी कामगार कल्याण योजनेतल्या कॅन्सर उपचारखर्चाची चौकशी करावी.

रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे. इथे सीमाभागाचा पेच येतो. निपाणीहून कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर. बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. पण निपाणी कर्नाटकात असल्यानं तिथल्या सरकारच्या, बायकांसाठीच्या शक्ती योजनेत बेळगावचा सरकारी बसचा प्रवास फुकट, कोल्हापूरचं तिकीट काढावं लागतं. थकव्याचा हिशेब केला तर मी कोल्हापूर सांगेन. मशीनखाली काही मिनिटंच जातात, दिवस जातो तो प्रवासात. अर्धा दिवस बसून काम असेल तर या काळात जमतं, उभ्याचं काम जमत नाही.

काख साफ झालेली नाही, केमो नाही आणि टेबलावरचं काम आहे, तर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांच्या होकारानं खुशाल जा. घरच्या घागरीपेक्षा ते हलकं आहे. काख साफ झाली, केमो आहे आणि पगारी रजाही आहे, तर केमो संपेपर्यंत थांबा, फक्त घरकाम दुसऱ्याकडे सोपवून. गोळ्या संपायची वाट मात्र बघू नका, टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी पाच ते दहा वर्षं चालते. हातावर पोट असेल तर तिसऱ्या आठवड्याचंच काम धरा. आणि फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं ‘फिट’ लिहून घेऊ नका. किती किलोपर्यंत उचलायचं, किती तास उभं राहायचं, दुपारी किती वेळ टेकायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.