२८० रुपयांची ग्लू गन आणि घरातला गोकाकचा धबधबा

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. शाफ्ट दोन शतांश मिलिमीटरनं जाड निघाला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. दिवसभर मायक्रोमीटर हातात धरला की संध्याकाळी माणसाला अंदाजपंचे काहीतरी करावंसं वाटतं. म्हणून मी पुठ्ठे, काड्या, रिकामे खोके, शिंप्याकडच्या चिंध्या साठवतो आणि पोरांना घेऊन त्यांचं काहीबाही करत बसतो. बायको या सगळ्याला 'तुमचं भंगार' म्हणते.

ग्लू गन घ्यायची पाळी आली ती पावसानं. जुलैत आमच्या शहापुरातल्या घराच्या भिंतीसुद्धा घाम गाळतात. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडाल्याशिवाय धरत नाही, आणि जुलैत पाणी उडून जाणार कुठं? रात्री चिकटवलेली पवनचक्कीची पाती सकाळी देवळातल्या म्हाताऱ्यागत मान टाकून बसलेली. मग गणपत गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाला, "मोठी न्या की ओ, शंभर वॅटची. लहान कशाला?" मी लहानच घेतली. २० वॅटची, ७ मिलिमीटरची गोंदाची कांडी घेणारी, २८० रुपये, दहा कांड्या वेगळ्या ७० रुपयांना. मोठीला ११ मिलिमीटरची कांडी लागते. घेताना हे नीट बघा, नाहीतर कांडी एक आणि गन दुसरी असा संसार होतो.

कांडी म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. मागून घातली, घोडा ओढला की पुढं वितळून येतं आणि थंड झालं की घट्ट. वाळायचं काही नाही, फक्त निवायचं. त्यामुळं बाहेर मुसळधार असली तरी अर्ध्या मिनिटात काम फत्ते. बोर्डात लावल्यावर चार-पाच मिनिटं थांबायला लागतं. ते न थांबता घोडा दाबत बसलं की कांडी आत वाकडी होऊन अडकते. आमच्या धाकटीनं पहिल्याच दिवशी हा प्रयोग केला.

खरी परीक्षा झाली ऑगस्टात. मोठा सातवीत आहे. शनिवारी रात्री आठ वाजता, भाकरी मोडता मोडता, त्यानं सांगितलं, "पप्पा, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचाय. जिल्ह्यातलं एक ठिकाण." मी विचारलं, कधी सांगितलं होतं शाळेत? तर म्हणे पंधरा दिवस झाले. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की हा गुण कुणाकडून आला ते वेगळं सांगायला नको.

ठरलं गोकाक. आदल्याच महिन्यात जाऊन आलो होतो आणि करदंटाचे, म्हणजे तिथल्या मिठाईचे, दोन रिकामे खोके घरात होते, हे खरं कारण. धबधबा ५२ मीटरचा, म्हणून मी हिशेब मांडला: एक सेंटिमीटरला दोन मीटर, म्हणजे २६ सेंटिमीटर उंची. झकास. मग झुलत्या पुलाकडं वळलो. तो सुमारे २०० मीटर, म्हणजे माझ्या मापानं एक मीटर. आमचा बोर्ड दीड फुटाचा. पोरगा म्हणाला, "पप्पा, पूल जरा लहान केला तर सरांना कळतंय होय?" आयुष्यात पहिल्यांदा मी रिजेक्ट माल पास केला.

कड्यासाठी खोक्यांवर थर्माकोल लावायला घेतला आणि गनचं तोंड टेकताच थर्माकोल लोण्यासारखा विरघळला. अंगठा जाईल एवढं भोक. ही गरम गन थर्माकोलला चालत नाही, त्यासाठी कमी तापमानाची मिळते, हे मला भोक पडल्यावर कळलं. धाकटी म्हणाली, "असू दे, ती गुहा." गुहा राहिली. पुलाला आईस्क्रीमच्या काड्या आणि सुतळी, त्यावर मात्र गनची पकड बघत राहावी अशी. कागद, पुठ्ठा, लाकूड, कापड, दोरा, यांच्यात ती जीव लावून धरते.

पाण्याचं मात्र जमेना. निळा जिलेटिन कागद सोडला, तो धबधबा कमी आणि लग्नातल्या मांडवाचा पडदा जास्त दिसत होता. या गनची एक खोड आहे: काम झाल्यावर तोंड उचललं की मागं बारीक तार येत राहते. सगळ्या वस्तूंवर, हातावर, भुवईवर कोळिष्टकं. मी ती चिडून ओढून टाकत होतो आणि धाकटी ती गोळा करून कड्यावर टांगत होती. "हे बघा की, पाणी." बघितलं तर खरंच पाणी! मग गन वर धरून, घोडा हळूच दाबून, कड्यावरून घोड्याच्या नालेच्या आकारात तार खाली सोडत गेलो. पारदर्शक, मधेच जाड, मधेच केसाएवढी, खाली थेंब साचून फेसासारखी. साडेतीन कांड्या गेल्या. यावर मोठ्यानं शंका काढली: पावसाळ्यात गोकाकचं पाणी पांढरं कुठं असतंय, चहासारखं असतंय. बरोबर होतं त्याचं. परसातली तांबडी माती तव्यावर कोरडी करून, चहाच्या गाळणीनं चाळून, गोंद गरम असतानाच वरून भुरभुरवली. गोकाकची नदी, घटप्रभा, आली घरात. गाळणी नवी घ्यावी लागली.

शेजारचे कन्नडिग काका दारातून डोकावले आणि म्हणाले, "छलो ऐतिरी!" म्हणजे, छान झालंय. शाळेतल्या शेऱ्यापेक्षा मला तेच जास्त आवडलं. शाळेत 'कापूस वापरला असता तर बरे' असं काहीतरी लिहून आलं.

आता तक्रारी. वायर एवढी आखूड की बोर्डाशेजारी उकिडवं बसून कलासाधना करावी लागते. बटण नाही. पुढचा तारेचा स्टँड म्हणजे नुसती थट्टा, जरा धक्का लागला की गन आडवी. आडवी झाली की ठिबकते, म्हणून खाली जुनी फरशी ठेवा. चटका तर ठरलेला. गोंद बोटाला चिकटून बसतो, झटकून जात नाही. मला बसला तेव्हा आई टूथपेस्ट घेऊन धावली आणि बायको नळाकडं ओढत होती. दोघींच्या मधे मी. बायको जिंकली, वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली बोट धरून उभा राहिलो आणि फोड बारीकच आला. पोरांच्या हातात एकट्यानं देऊ नका.

आणि हिच्यावर फार भरवसाही टाकू नका. धातूवर आणि काचेवर ती धरल्यासारखं करते, कारण गार पृष्ठभागावर गोंद बसायच्या आधीच निवतो. आईच्या स्टीलच्या डब्याची कडी मी तीनदा चिकटवली, आई तीनदा काही बोलली नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचा गणपतीही हिनंच बसवला होता. एप्रिलात गाडी दुपारभर उन्हात राहिली, आतला गोंद मऊ पडला आणि तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ ब्रेक मारल्यावर बाप्पा थेट बायकोच्या मांडीवर. चुकून लागलेला गोंद काढायचा असेल तर कडेनं थोडं सर्जिकल स्पिरिट सोडा, पापडी सुटून येते.

यंदा आकाशकंदील हिच्यावरच करायचा आहे, बांबूच्या काड्यांना दोरा गुंडाळत बसायचा माझा वेळ वाचेल. किल्ल्याला मात्र उपयोग नाही, ओल्या मातीपुढं हिचं काही चालत नाही.

सध्या गन घरात नाही. शेजारच्या काकांनी नातीच्या प्रोजेक्टला म्हणून नेली, आज नववा दिवस. धाकटी रोज त्यांच्या दारात चक्कर मारते. मी निर्धास्त आहे, कांड्या माझ्याकडंच ठेवून घेतल्यात.