मेंदूसाठी काय बरं: झपझप चालणं की डंबेल्स?

साठीनंतर व्यायाम हवा यावर वाद नाही. प्रश्न असतो कुठला, तोही गुडघ्यांपेक्षा डोक्याचा विचार करून. मी दोन्ही केलेत, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं असणारच.

चालण्याच्या बाजूनं पुरावा दमदार. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वर्षभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी निगडित मेंदूचा भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, स्ट्रेचिंगवाल्यांचा आकसला. डंबेल्सच्या बाजूनं कॅनडातला 2010 चा प्रयोग आहे. 65 ते 75 वयाच्या बायकांनी आठवड्यातून एकदा-दोनदा वजनं उचलली आणि वर्षअखेरीस त्यांची एकाग्रता सुधारली. चाचणी गमतीची असते: 'हिरवा' हा शब्द लाल शाईत छापलेला, तो वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ हमखास अडखळते.

मग मी चालणं मागे का टाकलं? सोबत्यामुळे. चालण्याचा व्यायाम व्हायचा तर वेग असा हवा की बोलता यावं, पण गाता येऊ नये. आमचं पहिल्या वळणापर्यंत जमायचं. मग त्याच्या पेन्शनचा विषय निघायचा, पावलं मंदावायची, मुद्दा पटवायला तर तो चक्क उभा राहायचा. घड्याळात वेळ भरलेली, कपाळावर घामाचा थेंब नाही. एकट्यानं जावं तर कंटाळा येतो, आणि त्याला टाळणंही जिवावर येतं. डंबेल्समध्ये ही पळवाट नाही. शेवटच्या दोन-तीन वेळा हात थरथरतो, आकडा चुकला तर पुन्हा मोजावं लागतं, लक्ष आपसूक जागेवर राहतं. हल्ली मला नावं लवकर आठवतात असं वाटतं. बायकोला तसं वाटत नाही.

छातीठोकपणे मात्र सांगवत नाही. 70 ते 89 वयाच्या 1,600 हून अधिक लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीत चालणं आणि ताकदीचे व्यायाम दोन्ही होते. तरी दोन वर्षांनी व्यायाम करणारा गट बुद्धीच्या चाचण्यांत आरोग्यविषयक वर्गांना बसणाऱ्यांपेक्षा सरस ठरला नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही करायला सांगते: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, वर किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. तेवढं जमत असेल तर उत्तमच. रक्तदाब असेल तर वजनाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि उचलताना श्वास कोंडू नका.

सोबती अबोल आणि तुरुतुरु चालणारा मिळाला असेल तर त्याला सोडू नका. माझ्या सोबत्यासारखा मिळाला असेल तर हलक्या डंबेल्सची जोडी आणा, आणि गप्पांसाठी त्याला वेगळं भेटा.